वस्तऱ्याला घरी धार लावायची कशी: सगळं हजारच्या दगडावर ठरतं

मुंबईच्या सलूनमध्ये आता घडीचा खरा वस्तरा क्वचितच दिसतो. न्हावी गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड मोडतो, त्यातलं अर्धं खाचेत सरकवतो आणि दाढी झाली की फेकून देतो. रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा विचार केला तर सलूनमध्ये हेच योग्य आहे. पण त्यामुळे दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा चालवणारे हात सहज पाहायला मिळत नाहीत. घरी स्वतःपुरता वस्तरा वापरायचा असेल, तर धार लावण्याचं काम स्वतःच शिकावं लागतं.

नवशिका बहुतेक वेळा पैसे शेवटच्या, सगळ्यात बारीक दगडावर घालवतो. दाढी ओढली गेली, चेहरा जळला की त्याहून बारीक दगड किंवा आणखी एखादी पेस्ट आणतो. दोष मात्र बहुतेकदा पहिल्या, हजार नंबरच्या दगडावरच राहिलेला असतो (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). तिथे धारेच्या दोन्ही बाजू टाचेपासून टोकापर्यंत नीट जुळल्या नसतील, तर पुढचे सगळे दगड बोथट धारेला फक्त चकाकी देतात. म्हणून या लेखात त्या टप्प्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

वस्तरा घेताना

पात्याची जाड बाजू म्हणजे पाठ. मुठीजवळचं धारेचं टोक म्हणजे टाच, आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं ते टोक. रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पहिल्या वस्तऱ्यासाठी ५/८ किंवा ६/८, म्हणजे साधारण १६ ते १९ मिमी, हे माप बरं. दोन्ही बाजूंनी आतून पोकळ घासलेलं पातं घ्यावं. पाचरीसारखं भरीव, जड पातं दगडावर फार वेळ खातं, ते नंतर कधीतरी.

चोर बाजारात, मटण स्ट्रीटच्या आसपास, जुन्या सामानात जर्मनीतल्या सोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का असलेले वस्तरे सापडतात. शिक्का पाहून भुलू नका, धार पाहा. पात्याच्या अंगावरचे काळे डाग चालतील. धारेच्या कडेला गंजाने पाडलेले खड्डे चालणार नाहीत, कारण घासून जितकं आत जाल तितके नवे खड्डे धारेवर येत राहतात. पातं डोळ्यासमोर धरून धारेच्या रेषेवरून नजर फिरवा. रेषा सरळ असावी किंवा मध्यभागी किंचित बाहेर आलेली असावी. मध्यभागी आत गेलेली धार सपाट दगडाला पूर्ण टेकत नाही, असा वस्तरा परत ठेवून द्या. मग दुकानाच्या काचेवर पातं आडवं ठेवा. पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या असताना ते डुगडुगलं, तर पात्याला पीळ आहे. थोडा पीळ सांभाळून घेता येतो, पण शिकताना नको.

ऑनलाइन घेताना दोन गोष्टी तपासा. ‘वस्तरा’ म्हणून विकली जाणारी बरीच हत्यारं अर्धं ब्लेड घालायची असतात, त्यांना धार लावायची नसतेच. आणि नक्षीदार मुठीचे, अगदी स्वस्तातले नवे वस्तरे बऱ्याचदा शोभेचे निघतात. पोलाद मऊ असेल तर दगडावर आलेली धार दाढीच्या पहिल्या गालावरच वळते.

जुना वस्तरा आणल्यावर आधी साबणाच्या पाण्याने, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कपड्यांचं ब्लीच वापरू नका, ते पोलाद खातं. पात्याच्या अंगावरचे डाग ब्रासोने निघतील तेवढे काढा, पाठीपासून धारेच्या दिशेने पुसत. आडवं घासलंत तर बोट जाईल.

दारावर सायकलचं चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. सुरी-कात्रीसाठी तो ठीक आहे. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की फिरत्या चाकावर ती क्षणात तापते. पोलाद निळं दिसायला लागलं म्हणजे ते ३०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं, आणि तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. तो दगडावर परत येत नाही.

सामान

दगड तीन पुरतात: १०००, ४००० ते ५००० यांच्यातला एक, आणि ८०००. चौथा १२००० नंबरचा असला तर दाढी आणखी मऊ होते, पण ८००० वरूनही नीट दाढी होते. नानिवा, किंग यांसारखे जपानी दगड ऑनलाइन मिळतात. लांबी २०० मिमी, रुंदी ७० मिमी असावी. हजारच्या दगडातला कण साधारण १४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, बारा हजारचा एक मायक्रॉनच्या जवळपास. बारीक दगड परवडत नसेल तर काचेवर चिकटवायची ३ आणि १ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म, म्हणजे घासायचे बारीक कण लावलेली पातळ फिल्म, घ्या. ती सपाट करत बसावी लागत नाही, नवशिक्याला हा फार मोठा फायदा आहे.

काचवाल्याकडून १० मिमी जाडीच्या काचेचा, दगडाहून थोडा मोठा तुकडा कडा घासून घ्या. स्वयंपाकघराचा ग्रॅनाइटचा ओटा सपाट दिसतो, पण त्याच्यावर भरवसा नको. नागदेवी स्ट्रीटवर किंवा जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात २२० आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर मिळेल. इलेक्ट्रिशियनची काळी टेप, बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, चेरी टोमॅटो, आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. काट्याचं काम पुढे येईलच.

कोन आणि टेप

सुरीसारखा कोन हाताने धरावा लागत नाही. पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकली की कोन आपोआप ठरतो. १९ मिमी रुंद आणि पाठीला ५ मिमी जाड पात्यात तो १५ ते १६ अंशांच्या आसपास येतो. म्हणूनच पाठ दगडावरून कधीही, एकदाही, उचलायची नाही.

पाठीवर काळ्या टेपचा एकच थर, सुरकुती न पाडता, लांबीभर लावा. पाठ झिजत नाही आणि कोन जेमतेम एक अंशाने वाढतो. पण एकदा टेप लावून उतार, म्हणजे धारेलगतची दोन्ही बाजूंची तिरकी घासलेली पट्टी, बसवला की पुढच्या प्रत्येक दगडावर टेप हवीच. मध्येच काढली तर कोन कमी होतो, दगड उताराच्या मागच्या भागाला घासत राहतो आणि धारेच्या टोकाला लागतच नाही. दगड बदलताना टेपही बदला, तळाशी घासली गेलेली असते.

दगड सपाट करणं

नवा दगडही सपाट असतोच असं नाही. त्यावर पेन्सिलने चौकटी आखा, काचेवर ओला वॉटर पेपर पसरा आणि दगड आठच्या आकड्यासारखा फिरवत घासा. सगळ्या रेषा पुसल्या गेल्या की पुन्हा आखा, पुन्हा घासा. दुसऱ्यांदा रेषा एकसारख्या, एकाच वेळी गेल्या तर दगड सपाट झाला. चारही कडा पेपरवर थोड्या मारून घ्या, तीक्ष्ण कडेवर धार लागली तर चिरते. हजारच्या दगडाला २२०, बारीक दगडांना ४०० पुरे. शेवटी वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा. पेपरचा एक भरड कण बारीक दगडात राहिला तर धारेवर दिसण्याइतका ओरखडा पडतो.

हजारचा दगड

मऊ प्रकारचा दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा. बारीक दगड भिजत ठेवू नका. त्यांतले काही भिजून मऊ पडतात किंवा वाळताना तडकतात, वरून पाणी शिंपडणं पुरतं. बसायला जागा म्हणजे सिंकशेजारचा ओटा, आणि उजेड एकाच बाजूने येणारा. चारी बाजूंनी उजेड असला की धार दिसत नाही.

जुनी, खराब धार आधी मोडून टाका. काचेच्या कडेवरून धार एकदाच, अगदी हलक्या हाताने, आडवी ओढा. कसंतरी वाटेल, पण आता मोबाइलचा टॉर्च समोर धरून धारेकडे सरळ पाहिलंत तर टाचेपासून टोकापर्यंत चमकणारी एक पांढरी रेघ दिसेल. बोथट धार उजेड परत फेकते, खरी धार फेकत नाही. ही रेघ पूर्ण जाणं म्हणजेच हजारच्या दगडावरचं काम. मग दोन्ही उतारांवर मार्कर फिरवा.

वस्तरा धरायचा तो मुठीत आवळून नव्हे. वस्तऱ्याची मूठ उघडून पात्याच्या मानेला, म्हणजे मुठीलगतच्या अरुंद भागाला, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरा, मनगट सैल. दुसऱ्या हाताचं एक बोट पात्यावर, पाठीच्या बाजूने ठेवा. धार पुढे, पाठ मागे, या दिशेने दगडावर जायचं. एक बाजू जाताना आणि दुसरी येताना, अशी एक फेरी. वळवताना पातं पाठीवर लोळवायचं, धारेवर कधीच नाही.

सुरुवातीला एका बाजूवर पुढे-मागे २० हात, मग दुसऱ्या बाजूवर तितकेच. दाब किती, हे शब्दांत सांगून कळत नाही, म्हणून वजनकाटा. दगड काट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि हात चालवा. सुरुवातीला २५० ते ३०० ग्रॅम, रेघ निम्मी गेल्यावर १५० आणि शेवटी फक्त वस्तऱ्याचं स्वतःचं वजन. बहुतेकांचा ‘हलका हात’ पहिल्यांदा काट्यावर अर्धा किलोच्या वर जातो. इतक्या दाबाखाली पातळ पातं वाकतं, धार दगडावरून उचलली जाते आणि तासभर घासूनही रेघ जात नाही.

प्रत्येक चाळीस हातांनंतर पातं पुसा आणि पाहा. मार्कर कुठे राहिला आहे? धारेच्या अगदी कडेला राहिला, तर दगड अजून तिथे पोचलेला नाही, काम चालू ठेवा. फक्त टोकाला राहिला, तर हात संपताना मनगट वळतंय किंवा पाठ किंचित उचलली जातेय. फक्त टाचेला राहिला, तर तिथे दाब कमी पडतोय. त्यावर टाचेवर बोट दाबून धरणं हा उपाय नाही, त्याने टाचेजवळ खाच पडते. वस्तरा थोडा तिरका धरून, टाच अर्धा इंच पुढे ठेवून हात चालवा. दोन्ही बाजूंच्या फेऱ्या शेवटपर्यंत सारख्याच ठेवा.

रेघ दिसेनाशी झाल्यावर इंग्रजी एक्स अक्षरासारखा तिरका हात सुरू करा. धार साधारण ७५ मिमी लांब, दगड ७० मिमी रुंद, म्हणजे सरळ हातात सगळी धार दगडावर मावत नाही. टाच दगडावर ठेवून सुरुवात करा आणि पुढे जाता जाता पातं स्वतःकडे बाजूला ओढा, म्हणजे दगड संपताना फक्त टोक दगडावर राहील. अशा २० फेऱ्या, नुसत्या वस्तऱ्याच्या वजनावर. धारेपुढे पाण्याची पातळ लाट सरकते. उतार जुळला की ती धारेखाली न शिरता पात्यावर सारखी चढते. ही खूण चांगली, पण एकटीवर विसंबू नका.

खरी परीक्षा चेरी टोमॅटोची. टोमॅटोवर धार नुसती टेकवा आणि दाब न देता ओढा. साल टाचेपाशी, मध्यभागी आणि टोकापाशी, तिन्ही ठिकाणी लगेच चिरली पाहिजे. एका ठिकाणी जरी घसरली, तर तेवढ्याच भागासाठी मार्कर लावून परत हजारच्या दगडावर या. मग हाताच्या केसांवर पाहा, त्वचेला लागून थोडेतरी केस तिन्ही ठिकाणी निघाले पाहिजेत. पहिल्या वस्तऱ्याला एक-दोन तास लागले तरी घाई करू नका. इथे वाचवलेली दहा मिनिटं चेहऱ्यावर भरावी लागतात.

भिंगाखाली धारेवर बारीक दातेरे दिसले तर ते जाईपर्यंत हजारवरच थांबा. अर्धा मिमीपेक्षा मोठा तुकडा उडाला असेल तर ४०० नंबरचा दगड लागतो, आणि ते काम पहिल्या वस्तऱ्यावर करू नये.

पुढचे दगड

इथून काम सोपं होतं. दगड बदलताना पातं, हात आणि ओटा धुवा. ४००० किंवा ५००० वर ३० ते ४० तिरक्या फेऱ्या घ्या. हजारचे ओरखडे भिंगाखाली दिसेनासे झाले पाहिजेत. ८००० वर ३० ते ४०, आणि शेवटच्या दहा फेऱ्यांत तर वस्तऱ्याचं वजनही पूर्ण टाकायचं नाही. केस आता त्वचेपासून चार-पाच मिमी वरून तुटायला लागतात. १२००० असेल तर २० ते ३० फेऱ्या.

अजून थोडं, अजून थोडं करत शंभर फेऱ्या घेण्याचा मोह टाळा. दाब देऊन जास्त घासलं की धारेच्या टोकाला पापुद्रा तयार होतो. तो हातावरचे केस झकास कापतो आणि गालावर दोन हातांत मोडतो. तसं झालं तर त्याच दगडावर फक्त वस्तऱ्याच्या वजनाने दहा फेऱ्या घ्या. पापुद्रा जातो.

चामड्याचा पट्टा

पट्टा ६ ते ७.५ सेंटीमीटर रुंद असावा, मागे कॅनव्हास किंवा जाड सुती पट्टी. धारावीच्या चामड्याच्या दुकानांत तुकडा कापून मिळतो. झाडाच्या सालीने कमावलेलं, गुळगुळीत बाजूचं चामडं मागा. खिडकीच्या ग्रिलला अडकवून ताणून धरा. पट्टा ढिला पडला की धार गोल होते.

दिशा दगडाच्या उलट: पाठ पुढे, धार मागे. वळवताना इथेही पाठीवरच लोळवायचं. धार आधी वळवली तर पट्ट्यात चीर पडते, आणि चीर पुढच्या वेळी धार खराब करते. कॅनव्हासवर २५ फेऱ्या, चामड्यावर ५० ते ६०. वेगाची गरज नाही. दर दाढीआधी हे करायचंच. पट्ट्याला खोबरेल तेल लावू नका, तळहात घासून मिळणारा तेलकटपणा पुरतो.

पहिली दाढी, आणि ती काय सांगते

गरम पाण्याच्या आंघोळीनंतर बसा. ब्रशने साबणाचा फेस दोन मिनिटं चोळा. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून येणारं नळाचं पाणी मऊ असल्याने फेस छान येतो. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर फेस लवकर वाळतो आणि दोष धारेचा वाटतो. अशा वेळी दाढीपुरतं पिण्याचं पाणी घ्या.

त्वचा दुसऱ्या हाताने ताणा. पात्याची पाठ गालापासून तिच्या दोन जाडींइतकी वर ठेवा, म्हणजे कोन ३० अंशांच्या आसपास राहतो. पहिल्यांदा फक्त दोन्ही गाल, केसांच्या दिशेने. हनुवटी आणि ओठाच्या वरचा भाग नेहमीच्या रेझरने करा. धुऊन झाल्यावर ओली तुरटी फिरवा आणि कुठे झोंबते ते लक्षात ठेवा.

केस ओढले गेले, थांबून थांबून कापले गेले, तर हजारच्या दगडावरचा उतार जुळलेला नाही. फक्त पात्याच्या एका भागाने ओढ लागली, तर मार्कर लावून तेवढाच भाग तपासा. केस सहज कापले पण नंतर सगळीकडे झोंबलं, तर आधी पाठ खाली आणा आणि दाब कमी करा, पुढच्या वेळी चामड्यावर फेऱ्या वाढवा. धार उत्तम सुरू झाली आणि दुसऱ्या गालापर्यंत मंदावली, तर पापुद्रा राहिला होता. तुरटी केवळ जबड्याच्या कडेला झोंबली, तर धारेत दोष नाही, तिथे त्वचा ताणली गेली नव्हती.

पुढची देखभाल

दाढी पुन्हा ओढायला लागली की लगेच दगड काढू नका. अर्ध्या मायक्रॉनच्या हिरव्या क्रोमियम ऑक्साइडची पातळ बोटभर पेस्ट वेगळ्या पट्टीवर लावा. नेहमीच्या पट्ट्यावर नको. त्यावर दहा फेऱ्या, मग चामडं. त्याने भागत नसेल तर सगळ्यात बारीक दगडावर पंधरा फेऱ्या. त्यानेही फरक पडला नाही, किंवा भिंगाखाली खाच दिसली, तरच पुन्हा हजारपासून.

मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत कार्बन पोलादाला एका रात्रीत गंज चढू शकतो. दाढी झाली की पातं पुसा, कॅनव्हासवर पाच-सात फेऱ्या मारा आणि मूठ उघडी ठेवून पंख्याखाली तासभर वाळवा. बाथरूममध्ये ठेवू नका. जून ते सप्टेंबर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टिश्यूवर घेऊन पात्यावर फिरवा, आणि खिळ्याच्या सांध्यात अर्धा थेंब सोडा, कारण गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. पट्टा कपाटात बंद ठेवला तर त्यावर बुरशी येते. तो बाहेर, वाऱ्यावर टांगलेला बरा. वस्तरा मात्र मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी ठेवा.